शेवगाव ते तपकीर गल्ली: साळवेबाई, मी आणि दोन कॉम्प्युटर

शेवगाव–पुणे एसटी तेव्हा सकाळी साडेपाचला सुटायची. साल अठ्ठ्याण्णव, दिवाळी होऊन पंधरा दिवस झालेले. स्टँडच्या मागच्या रस्त्याने कापसाच्या गाड्या मार्केटकडे निघाल्या होत्या. मी कॉम्प्युटर आणायला पुण्याला चाललो होतो आणि हे घरच्यांखेरीज कुणालाही सांगितलेलं नव्हतं. गाडीत चढलो तर तिसऱ्या बाकावर साळवेबाई बसलेल्या. मांडीवर पर्स, पायाशी दोन गोधड्या घड्या घालून सुतळीने बांधलेल्या.

मी मागच्या बाकावर जाऊन बसलो. आम्ही सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हतो.

तहसील कचेरीच्या आवारात झाडाखाली आमची दोघांची टेबलं होती, मध्ये दहा पावलांचं अंतर. टेबलावर मराठी टाइपरायटर, बाजूला कार्बन पेपरचा गठ्ठा. प्रतिज्ञापत्रं, वारसनोंदीचे अर्ज, मोजणीच्या हरकती, हेच काम. साळवेबाई तिथे माझ्या आधी आठ-नऊ वर्षं बसत होत्या. मी टायपिंग शिकलो तेही त्यांच्याच घरी, त्यांच्याच मशीनवर. शिकून झाल्यावर वर्षाच्या आत मी स्वतःचं मशीन घेतलं आणि गेटच्या बाजूला टेबल लावलं, म्हणजे आत येणारा माणूस आधी माझ्याकडे यायचा. दरही पानामागे चार आणे कमी ठेवला. बाईंनी त्या दिवसापासून माझ्याकडे बघणं सोडलं. काही गिऱ्हाईकं मात्र दर सारखा झाल्यावरही माझ्याकडेच येत राहिली. त्यांना साळवेबाईंपुढे अर्ज घेऊन का बसायचं नव्हतं, ते मला कळत होतं. मी कधी विचारलं नाही. पैसे घेतले.

तर पुण्याचं कारण. साखर कारखान्याच्या शेअर विभागातले एक क्लार्क कचेरीत यायचे. दिवाळीआधी त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की निवडणूक येतेय, सभासदांची सगळी यादी यंदा कॉम्प्युटरवर करून हवी आहे, आणि ज्याच्याकडे मशीन आधी येईल त्याला काम. यादी मोठी होती, आणि पुढे दरवर्षी दुरुस्तीचं काम निघणार होतं. झाडाखाली कॉम्प्युटर चालत नाही, म्हणून मी घरातली रस्त्याकडची खोली रिकामी करून चुना मारून घेतला होता. क्लार्कने हेच साळवेबाईंनाही सांगितलं होतं, ते मला त्या पहाटे त्यांना गाडीत पाहून कळलं.

कंडक्टर तिकिटं फाडत आला. "शेवगावचे दोन पुणे दिसत्यात. एकत्र का?"

"नाही," आम्ही दोघं एकदमच म्हणालो. तो हसला आणि दोन वेगळी तिकिटं फाडली.

अमरापूर, तिसगाव, मग करंजी घाट. ज्यांना गाडी लागते त्यांनी घाट उतरेपर्यंत काही खाऊ नये, हा सल्ला आजही लागू आहे. नगरला माळीवाडा स्टँडवर वीस मिनिटं थांबा. मी कँटीनमध्ये पोहे खाल्ले, बाईंनी गाडीतच डबा उघडला. पुढे सुपे, शिरूरचा पूल, शिक्रापूर, वाघोली. रस्ता तेव्हा दोनपदरी होता आणि उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकलं की अर्धा तास गेलाच. साडेअकराला शिवाजीनगर. उतरल्यावर मी मुद्दाम पाणी प्यायला थांबलो, त्यांना पुढे जाऊ दिलं.

पुण्यात कॉम्प्युटरचे सुटे भाग घ्यायचे तर बुधवार पेठेत तपकीर गल्ली आणि आजूबाजूला जायचं, असं मला नगरच्या एका मित्राने सांगितलं होतं. रेडिओचे भाग, वायरी, पंखे, माळा यांच्या दुकानांमध्ये चिंचोळ्या जिन्यांवर कॉम्प्युटरवाले बसायला लागले होते. कंपनीचं तयार मशीन घ्यायची ऐपत नसलेले आमच्यासारखे लोक तिथे जाऊन भाग निवडायचे आणि दुकानदार ते जोडून द्यायचा. माझ्याकडे तीस हजार होते आणि खिशात यादी होती. सगळ्यात वेगवान प्रोसेसर, रंगीत मॉनिटर, सीडी ड्राइव्ह, दोन स्पीकर. ही यादी मी रविवारच्या पेपरातल्या जाहिरातीवरून उतरवली होती.

पहिल्या दुकानात बेचाळीस सांगितले. दुसऱ्यात माणसाने माझी यादी वाचून परत दिली आणि जेवायला गेला. तिसऱ्या दुकानाचा जिना चढलो तर साळवेबाई स्टुलावर बसलेल्या. हातात शाळेची दोनशे पानी वही. दुकानदार चाळिशीचा, चष्मा कपाळावर सरकवलेला, काउंटरवर रेलून त्यांना विचारत होता.

"मशीनवर करणार काय, ते सांगा आधी."

"मराठी टायपिंग. याद्या, अर्ज," बाई म्हणाल्या.

"मुलं गेम खेळणार?"

"नाही."

"मग प्रोसेसरवर पैसे घालू नका. तुमच्या बोटांपेक्षा कुठलाही प्रोसेसर वेगवानच आहे. रॅम जास्त घ्या, हार्ड डिस्क चांगली घ्या."

"आणि वीज? आमच्याकडं दिवा कधी पिवळा जळतो, कधी फुटंल असं वाटतं."

"मग स्टॅबिलायझर घ्याच."

बाईंनी वहीत लिहिलं. वहीत प्रत्येक भागाला वेगळं पान होतं, वर नाव आणि खाली चार दुकानांचे दर. त्या गेल्या उन्हाळ्यात दर रविवारी नगरला जाऊन तीन महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स करून आल्या होत्या. ते मला पुढे समजलं. त्या वेळी मी नुसता दारात उभा होतो.

दुकानदाराने मला पाहिलं. "तुम्हाला काय हवंय?"

मी यादी दिली. त्याने वाचली आणि विचारलं, "कुठून आलात?"

"शेवगाव."

"अहो, ह्या बाईपण शेवगावच्याच! दोन सेट सारखे घेतलेत तर मला एकदम माल उचलता येईल. दोघांनाही भाव कमी करून देतो."

बाई वहीतून मान वर न करता म्हणाल्या, "कॅबिनेटच्या आतलं सारखं घेऊ. मॉनिटर आन् बाकीचं ज्याचं त्यानं ठरवावं."

माझ्याशी बोललेलं त्यांचं सहा वर्षांतलं पहिलं वाक्य ते. मी "चालेल" म्हणालो.

अशी निवड झाली. प्रोसेसर साधा, मदरबोर्ड, हार्ड डिस्क, फ्लॉपी ड्राइव्ह आणि कॅबिनेट दोघांचं सारखंच. मराठी टायपिंगचं पॅकेज आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर दोघांनाही लागणारच होता. उरलेल्या पैशांत बाईंनी रॅमच्या दोन पट्ट्या, टणक बटणांचा कीबोर्ड, काळा-पांढरा मॉनिटर आणि स्टॅबिलायझर घेतला. मी रॅमची एकच पट्टी घेतली आणि रंगीत मॉनिटर घेतला. सीडी ड्राइव्ह आणि स्पीकर सोडून द्यावे लागले, त्याचं मला वाईट वाटलं. स्टॅबिलायझर मी विचारलासुद्धा नाही. दुकानदार म्हणाला, उद्या दुपारी बारापर्यंत जोडून, चालवून देतो.

त्या रात्री बाई येरवड्याला बहिणीकडे गेल्या. मी मंडईजवळच्या लॉजवर साठ रुपयांच्या कॉटवर झोपलो. खाणावळीत चपाती-भाजी, आमटी, भात. आमटी गोड लागली.

दुसऱ्या दिवशी दोन्ही मशीनं काउंटरवर शेजारी शेजारी सुरू करून दाखवली. माझ्या मॉनिटरवर निळं आकाश आणि ढग आले. बाईंच्या मॉनिटरवर तेच राखाडी आले. मला बरं वाटलं, हे खोटं सांगत नाही.

खरा प्रवास परतीचा. दोन कॅबिनेट, दोन मॉनिटर, दोन प्रिंटर, एक स्टॅबिलायझर आणि दोन माणसं. दुकानदाराच्या हमालाने रिक्षात भरून शिवाजीनगरला आणून दिलं. थेट शेवगाव गाडी निघून गेली होती, म्हणून नगर गाडी धरली. टपावर ठेवायला कंडक्टर तयार होता, बाई नव्हत्या. शेवटी मागचा आडवा बाक आम्ही दोघांनी अडवला, मधे खोकी रचली आणि दोन्ही बाजूंनी दोघं टेकू देऊन बसलो. सामानाचं तिकीट वेगळं पडलं. माझा मॉनिटर नुसत्या पुठ्ठ्याच्या खोक्यात होता. वाघोलीच्या पुढे गाडी खड्ड्यात आदळली तशी बाईंनी एक गोधडी सोडली आणि खोक्यावरून माझ्याकडे सरकवली.

"गुंडाळ त्याला."

मी गुंडाळला. "दोन कशाला आणल्या होत्या बाई?"

"एक मॉनिटरला, एक प्रिंटरला. प्रिंटर ऱ्हाईल तसाच."

शिरूरचा पूल ओलांडल्यावर त्या खिडकीबाहेर बघतच म्हणाल्या, "तू टेबल लावलंस त्याचं मला काय न्हाई, अशोक. पोट समद्यांनाच हाय. गेटजवळ लावलंस, दर पाडलास, तेबी चालतं धंद्यात."

त्यांनी कलंडलेलं एक खोकं सरळ केलं.

"पाटीवर 'नगर येथे प्रशिक्षित' कशाला लिवलंस?"

माझ्या टेबलावर टांगलेल्या पत्र्याच्या पाटीवर तसं लिहिलेलं होतं, खरंच. नगरला मी फक्त परीक्षेला गेलो होतो, एक दिवस. बाकी सगळं साळवेबाईंच्या पुढच्या खोलीत शिकलो होतो. त्या माझ्या बोटांवर रुमाल टाकायच्या, म्हणजे मला अक्षरं दिसू नयेत, आणि तोंडाने ओळ सांगायच्या.

"पेंटरने लिहिलं," मी म्हणालो.

"पेंटरला कुणी सांगितलं?"

मी खोका धरून बसलो.

नगरला गाडी बदलताना दोन हमाल लावले. सगळी खोकी शेवगाव गाडीत चढवून होईपर्यंत चहा प्यायलाही वेळ मिळाला नाही. करंजी घाटात दिवस मावळला. शेवगावात बाईंचे यजमान साळवे गुरुजी स्टँडवर हातगाडी घेऊन उभे होते. ते प्राथमिक शाळेत शिक्षक, कमी बोलणारे. त्यांनी आधी बाईंचं सामान चढवलं, मग काही न विचारता माझंही, आणि आधी माझ्या दाराशी आणून सोडलं.

मशीन दोन दिवस छान चाललं. शेजारपाजारचे बघून गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली आणि आली ती दिवे फुटतील अशी. माझा कॉम्प्युटर चालूच होता, तो बंद पडला. परत बटण दाबलं तर पडदा काळा आणि आतून तीन लांब शिट्या. पुन्हा दाबलं, पुन्हा शिट्या.

एसटीडी बूथवरून पुण्याला फोन लावला. दुकानदार म्हणाला, "रॅम गेली असेल. किंवा बोर्ड. फोनवर कसं सांगू? तशाच दुसऱ्या मशीनमध्ये ती पट्टी लावून बघा. तिथंही शिट्या वाजल्या तर पट्टी गेली. नाही वाजल्या तर बोर्ड."

तसंच दुसरं मशीन शेवगावात एकच होतं.

दोन दिवस मी गेलो नाही. कचेरीत बसून टाइपरायटरवरच अर्ज टाइप केले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कारखान्याचे क्लार्क हातात जाड रजिस्टर घेऊन साळवेबाईंच्या टेबलापाशी उभे दिसले. रजिस्टर तिथेच ठेवून ते निघून गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी कॅबिनेट सायकलच्या कॅरिअरला बांधलं आणि हळूहळू ढकलत त्यांच्या घरी गेलो.

पुढच्या खोलीत, जिथे पूर्वी टाइपरायटर होता तिथेच, खिडकीखाली कॉम्प्युटर होता. वर भरतकामाचं कापड, कोपऱ्यात बुद्धाची मूर्ती, शेजारी कारखान्याचं रजिस्टर उघडं. बाईंनी मला पाहिलं, कॅबिनेट पाहिलं.

"काय झालं?"

मी सांगितलं. त्यांनी यादीचं काम फ्लॉपीवर घेतलं, मशीन बंद केलं आणि स्क्रू काढायला बसल्या. गुरुजींनी टॉर्च धरली. बाईंच्या दोन्ही पट्ट्या काढून माझी एक लावली. बटण दाबलं. तीन लांब शिट्या.

"पट्टीच गेली," गुरुजी म्हणाले.

"पट्टी तर गेलीच. बोर्ड ऱ्हायला का न्हाई ते कळाया पायजे," बाई म्हणाल्या. त्यांनी आपल्या दोन्ही पट्ट्या तळहातावर घेतल्या. "माझी एक ह्याच्या मशीनमधी लावून बघायला लागंल."

"ह्याच्या बोर्डातच खोट असली तर आपली पट्टी पण जाईल," गुरुजी म्हणाले. "यादी हातात आहे आपल्या. विचार कर."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मी असतो तर लावली नसती. मी उठायच्या तयारीत होतो.

बाई माझ्याकडे वळल्या. "पाटी बदलशील?"

"हो."

"काय लिवशील?"

"तुमच्याकडं शिकलो ते."

"नावासकट?"

"नावासकट, बाई."

त्यांनी एक पट्टी आपल्या मशीनमध्ये परत बसवली आणि दुसरी माझ्या कॅबिनेटमध्ये. खटका बसल्याचा आवाज आला. गुरुजींनी टॉर्च तशीच धरलेली. बाईंनी आपल्या मॉनिटरची वायर माझ्या कॅबिनेटला जोडली आणि बटण दाबलं. एक छोटी शिटी वाजली आणि त्यांच्या मॉनिटरवर अक्षरं चढायला लागली.

"बोर्ड चांगला हाय," बाई म्हणाल्या. "ने. तुझी येईस्तोवर वापर. आन् आधी स्टॅबिलायझर घे, न्हाईतर हीबी घालवशील."

नगरला जाऊन मी त्याच दिवशी स्टॅबिलायझर आणला. सोमवारी पाटी पेंटरकडून नवी करून घेतली. वर 'अशोक टायपिंग', खाली 'सौ. मंदाताई साळवे यांच्याकडे शिकलेला'. पेंटरने दोनदा विचारलं की हेच लिहायचं ना. मंगळवारी ती टांगली तेव्हा कचेरी नुकती उघडत होती. साळवेबाई दहा पावलांवर कागद लावत होत्या. मला वाटलं होतं लोक काहीतरी बोलतील. मी रात्रभर उत्तरं तयार केली होती.

बोधेगावचे एक म्हातारे वारसनोंदीचा अर्ज घेऊन आले. त्यांनी पाटी सावकाश वाचली.

"व्हय, ते म्हाईतच हाय की," ते म्हणाले. "रोज सायकल लावायचास न्हवं का बाईंच्या दारात. समद्यांनी बघितलंय. नगरचं वाचून आमी हसायचो." आणि अर्ज पुढे केला.

एक-दोन गिऱ्हाईकं त्यानंतर आली नाहीत. कोण ते मला ठाऊक आहे. बाकी कुणाला काही फरक पडला नाही.

दुपारी बाईंनी झाडाखालून हाक मारली. रजिस्टरच्या मागच्या, सुट्या केलेल्या पानांची गुंडाळी माझ्या हातात दिली. "'म' पासून पुढचं तुझं. आडनाव आधी, मग नाव, मग गाव. शनिवारपतुर दे. चुका आल्या तर मी परत पाठवीन." दोनदा परत पाठवली. दोन्ही वेळा माझीच चूक होती.

ज्यांना हा प्रवास आज करायचा असेल त्यांच्यासाठी सांगण्यासारखं फार नाही. नगर–पुणे रस्ता आता चौपदरी आहे, भाग घरपोच येतात आणि गोधडी लागत नाही. भाग निवडताना मात्र त्या दुकानदाराचा पहिला प्रश्न मी अजून विचारतो. कुणी कॉम्प्युटर कुठला घेऊ म्हणालं की आधी विचारतो, करणार काय? माझा रंगीत मॉनिटर चार वर्षांत गेला. बाईंचा काळा-पांढरा त्यांची मुलगी नोकरीला लागेपर्यंत चालला. वेगवान प्रोसेसर घेतला नाही म्हणून माझं एकही पान उशिरा झालं नाही.

पुण्याहून मागवलेली नवी पट्टी एसटीच्या पार्सलने तीन आठवड्यांनी आली. त्या रविवारी मी बाईंची पट्टी कागदात गुंडाळून परत द्यायला गेलो. त्यांनी ती घेतली, आधी मशीन उघडून बसवली, सुरू करून बघितलं, रॅमची मोजणी पूर्ण होईपर्यंत पडद्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरोबर हाय. बस, चहा ठेवते."

त्यांच्या घरी मी आठ महिने रोज सकाळी शिकायला जात होतो. त्या रोज चहाचं विचारायच्या आणि मी रोज सांगायचो, घरून पिऊन आलोय. त्यांनी कधी आग्रह केला नाही आणि विचारायचंही कधी सोडलं नाही.

त्या रविवारी मी बसलो. गुरुजी तीन कप घेऊन आले. बाई कीबोर्ड पुसत होत्या, माझ्याकडे बघत नव्हत्या. चहा गरम होता, मी फुंकर मारून प्यायलो आणि कप विसळायला मोरीपाशी घेऊन गेलो.

"ठेव तिथंच," बाई म्हणाल्या. "आमचे कपबी तिथंच हायेत."